डंपिंग ट्रॉली: दोनचाकी की चारचाकी?

दोनचाकी ट्रॉलीच्या भाराचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते आणि शेतातील अरुंद वाटेवर ती मागे घेणेही सोपे जाते. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतःच पेलते, म्हणून जास्त मालासाठी ती उजवी ठरते, मात्र उतारावर ट्रॅक्टरला पुढे ढकलते. बांधणी पाहताना रंगाला भुलू नये. माल ओतण्यासाठी हौदा (माल भरायची पेटी) उचलताना मोठा ताण बिजागरीच्या पिनेवर आणि उचलणारा जॅक बसवलेल्या आडव्या लोखंडी चॅनेलवर येतो, तेव्हा तेथील वेल्डिंग सलग आहे का, हे दोन्ही प्रकारांत आधी तपासावे. उचलण्यापूर्वी जमीन सपाट व हौद्याचा मागचा फाळका (झडप) उघडा हवा. उचललेल्या हौद्याखाली भक्कम टेकूशिवाय कोणीही शिरू नये. शेणखत-मुरुमासाठी मी दोनचाकीच निवडेन.