विध्वंसक कारवायांविरोधी कायदा रद्द करायचा: फिलिपिन्सची वाट की ‘पोटा’ची?

निरसन विधेयकाचा, म्हणजे कायदा रद्द करणाऱ्या विधेयकाचा, मसुदा हाती घेणाऱ्याने पहिल्यांदा एकच गोष्ट ठरवावी: आधीच दाखल झालेल्या खटल्यांचं काय करायचं? फिलिपिन्स आणि भारत यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

फिलिपिन्सच्या १९५७ च्या विध्वंसक कारवायांविरोधी कायद्याने (क्रमांक १७००) कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्वच गुन्हा ठरवलं होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या हुकूमनाम्यांनी तो आणखी कडक झाला. १९८७ मध्ये नंतरच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हे हुकूमनामे रद्द केले, पण त्याबरोबर मूळ कायदा पुन्हा लागू केला. नुसत्या दुरुस्त्या काढल्या तर जुनं कलम उभंच राहतं, हे इथे नीट दिसतं. अखेर २२ सप्टेंबर १९९२ ला राष्ट्राध्यक्ष रामोस यांच्या सहीने कायदा ७६३६ आला आणि १७०० पूर्ण रद्द झाला. त्यात व्यावृत्ती कलम, म्हणजे जुने खटले चालू ठेवणारी तरतूद, नव्हतं. म्हणून १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हे निरसन पूर्वलक्षी, म्हणजे आधीच्या आरोपांनाही लागू, मानलं: आरोपीवरचा विध्वंसक कारवायांचा आरोप पुसला गेला, बेकायदा शस्त्राचा तेवढा उरला.

भारतात नुसतं ‘रद्द’ लिहून हे साधत नाही. मसुदा गप्प राहिला, तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम ६ जुने खटले जिवंत ठेवतं. १९९५ मध्ये मुदत संपलेल्या ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्यानेही आपल्याच तरतुदीने खटले चालू ठेवले. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्याखाली २००६-०७ मध्ये शिक्षा झाल्या. २१ सप्टेंबर २००४ ला ‘पोटा’ हा नंतरचा दहशतवादविरोधी कायदा रद्द करताना मधली वाट निघाली: पुनर्विलोकन समितीने वर्षभरात सगळी प्रकरणं तपासायची, प्रथमदर्शनी पुरावा नसेल तर खटला मागे घेतला असं मानायचं, आणि वर्षानंतर न्यायालयाने नव्या प्रकरणाची दखल घ्यायची नाही.

निव्वळ सभासदत्वाचा गुन्हा असेल तर आमची शिफारस फिलिपिन्सच्या वाटेची. भारतात त्यासाठी खटले संपल्याचं स्पष्ट शब्दांत लिहावं लागेल. बॉम्ब, खून असे आरोप गुंतलेले असतील तर पुनर्विलोकन बरं, पण मुदतीसह.

खरा धोका मात्र शेजारच्या विधेयकात असतो. ‘पोटा’ गेला त्याच दिवशी दहशतवादाची कलमं ‘यूएपीए’त, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, आली. ‘पोटा’ला तीन वर्षांची मुदत होती, ‘यूएपीए’ला मुदतच नाही. फिलिपिन्समध्येही २०२० मध्ये नवा दहशतवादविरोधी कायदा आला. मसुद्यासोबत त्या दिवशीचे इतर अध्यादेश आणि विधेयकंही कलमागणिक वाचून काढा.