थोरली फाउस्टिना की गाला प्लासिडिया?

रोमन सम्राज्ञींच्या सुवर्णनाण्यांपैकी एकच घ्यायचे असेल, तर माझा कौल थोरल्या फाउस्टिनाच्या ऑरियसला, म्हणजे त्या काळच्या रोमन सुवर्णनाण्याला, आहे. तिच्या मृत्यूनंतर सम्राट अँटोनायनस पायस याने तिला देवत्व बहाल करून तिच्या नावाने इतकी नाणी पाडली, की तिची सुवर्णनाणी आजही लिलावांत नियमित येतात. सुमारे ७.२ ग्रॅमच्या त्या जाड नाण्यावरील मोत्यांनी बांधलेला अंबाडा आणि चेहऱ्याची ठेवण एका विशिष्ट स्त्रीची म्हणून ओळखू येते. इ. स. ४५० मध्ये निवर्तलेल्या गाला प्लासिडियाचा सॉलिडस (नंतरच्या काळातील रोमन सुवर्णनाणे) सुमारे ४.५ ग्रॅमचा, पातळ आणि कितीतरी दुर्मीळ आहे. तिच्या मस्तकावर मुकुट धरणारा ईश्वराचा हात अर्थपूर्ण असला, तरी चेहरा ठरीव साच्याचा वाटतो. पूर्वी दागिन्यात जडवलेले नाणे मात्र दोघींचेही टाळावे.