चुकांचा तक्ता: सात महिने वापरल्यावर

परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावीला गणित शिकवते. वर्गात ४२ मुलं. जूनपासून प्रत्येक चाचणी तपासून झाली की फोनवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये एक तक्ता भरते. एकेका मुलाची एकेक ओळ, आणि रकान्यांत घटकांचे बारीक तुकडे: दशांशांचा लहानमोठेपणा, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, असे. उत्तर चुकलं की खूण करायची. ‘सं’ म्हणजे संकल्पनाच कच्ची, ‘हि’ म्हणजे हिशेबात घसरला, ‘वा’ म्हणजे शाब्दिक उदाहरण वाचताच आलं नाही, ‘को’ म्हणजे कोरं.

त्याआधी पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं होतं. ते ‘दशांश अपूर्णांक ५८ टक्के’ असं सांगायचं आणि त्याच छापाची वीस गणितं पुढे करायचं. ज्याला मुळात कळलेलं नाही तो वीसच्या वीस चुकवणार, आणखी काय? महिन्याभरात बंद केलं.

तक्त्याचा उपयोग मला पहिल्यांदा पटला तो ऑगस्टमध्ये. दोन मुलींची श्रेणी एकच, ब-२, म्हणजे ६१ ते ७० टक्के. प्रगतिपुस्तकात दोघी सारख्याच. तक्त्यात एकीच्या ओळीत नुसते ‘वा’, दुसरीच्या ओळीत दशांशाखाली सलग तीन ‘सं’. त्याच रकान्यात आणखी आठ मुलांची तीच खूण. सगळ्यांच्या मते ३.१२ हे ३.४ पेक्षा मोठं.

चूक कुठली ते तक्ता सांगतो, का झाली ते नाही. त्यासाठी मुलाला जवळ बसवून ‘कसं केलंस?’ एवढंच विचारावं लागतं आणि मग तोंड बंद ठेवावं लागतं (मला हे अजून जड जातं). त्या मुलीने सांगितलं, “बाई, तीन रुपये बारा पैसे जास्त ना, तीन रुपये चार पैशांपेक्षा?” पैशांची उदाहरणं वर्गात मीच दिली होती! मग नऊ जणांना फूटपट्ट्या दिल्या. ३.४ सेंटिमीटरची रेघ काढायची, म्हणजे तीनच्या पुढे चार बारीक रेघा. ३.१२ मात्र पहिल्या बारीक रेघेच्या जरासंच पुढे. एकाने दोनदा मोजून पाहिलं आणि स्वतःचं उत्तर खोडलं.

दुसऱ्या दिवशी नऊही जणांचं बरोबर आलं. मी खुशीत सगळे चौकोन हिरवे केले आणि तिथेच फसले. दहा दिवसांनी दोन प्रश्न सहज घुसडले, तर चौघे पुन्हा ३.१२ वर. तेव्हापासून नियम केलाय: लगेच बरोबर आलं तर पिवळा, दहा दिवसांनी टिकलं तरच हिरवा.

आता तक्रारी. वेळ भयंकर जातो. सुरुवातीला एका गठ्ठ्याला तपासणी सोडून दीड तास लागायचा, आता पाऊण तासावर आलाय. तोही बहुधा डोंबिवली लोकलमध्ये, चौथी सीट मिळाली तर. फोनच्या पडद्यावर ४२ ओळी सरकवताना एकाची खूण दुसऱ्याच्या नावापुढे पडते, दोनदा पडली आहे. ‘सं’ आणि ‘हि’ यांतला फरक थकलेल्या डोळ्यांनी केला की अंदाजेच होतो. रकानेही आधी ३० केले होते, निम्मे कधी भरलेच नाहीत. आता अकरा आहेत.

१/२ + १/३ = २/५ लिहिणारे मात्र अजून सहा जण आहेत. ‘अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ असं विचारलं की हसतात, मान डोलावतात, आणि पुढच्या चाचणीत पुन्हा २/५. यावर माझ्याकडे अजून फूटपट्टीसारखं काही नाही. कागदाच्या पट्ट्या दुमडून झाल्या, तेवढ्यापुरतंच समजलं.

सातवीच्या बाईंना दरवर्षी माझ्याकडून फक्त श्रेणी जाते. यंदा एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाची ओळ छापून सोबत देणार आहे. त्यांनी मागितलेली नाही.