इंटरनेट फोनवाल्याने आम्हाला कसं गंडवलं (इंदूरवाल्यांनी जरूर वाचा)

इंदूरमधे ज्यांचं छोटं ऑफिस किंवा दुकान आहे आणि जे लँडलाइन काढून इंटरनेटवाला फोन घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, लांब आहे पण वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, वकिलाने नको सांगितलंय, आणि तसंही ही मंडळी नावं बदलत असतात, पद्धत तीच राहते.

आमचं ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस आहे, मी आणि धाकटा भाऊ बघतो, इंदूर-पुणे रात्रीच्या गाड्या. निम्मे पॅसेंजर मराठी घरातले, पोरं पुण्यात शिकायला नाहीतर नोकरीला, आणि त्यांचे आईवडील काही ॲपवर बुक करत नाहीत, फोनच करतात. संध्याकाळी फोन खाली ठेवायला फुरसत नसते. म्हणून ठरवलं की एकाच नंबरवर आलेले कॉल चार जणांना घेता यावेत, रेकॉर्डिंग असावं. विचार काही वाईट नव्हता, आजही आम्ही इंटरनेट फोनच वापरतो, फक्त दुसऱ्या कंपनीचा.

सेल्सवाला आला, चांगला टापटीप, बोलायला एकदम मिठ्ठास. "०७३१ का फॅन्सी नंबर दूंगा भिया, जिंदगीभर आपका, सर्व्हिस पसंद नहीं आई तो पोर्ट करा लेना." एचडी व्हॉइस, सर्व्हर मुंबईत, कॉलिंग अनलिमिटेड, वर्षाचे पैसे आधी भरले तर दोन महिने फुकट. छत्तीस हजार भरले, वर जीएसटी.

सुरुवातीला बरं चाललं, मग संध्याकाळचा आवाज तुटायला लागला. आम्हाला समोरच्याचं अर्धं ऐकू यायचं, समोरच्याला आमचं त्याहून कमी, आणि मधे असा गॅप की दोघं एकदम बोलायला लागायचे आणि दोघं एकदम गप्प. सुदामा नगरच्या एक काकू, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना भाऊ फोनवर ओरडून ओरडून सांगतोय "काकू तीन इमलीला या, तीन इमली", त्यांना पोचलं फक्त "ती... ला या". त्या बिचाऱ्या बॅगा घेऊन भलत्याच, गंगवाल बसस्टँडला जाऊन बसल्या. मग त्यांना तिथून रिक्षात घालून आणलं, तोवर गाडी थांबवून ठेवली, बाकी पॅसेंजरनी ड्रायव्हरला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

तक्रार केली की यांचं उत्तर ठरलेलं, तुमचं इंटरनेट खराब आहे. स्पीडटेस्टचा फोटो पाठवा. पाठवला, तर म्हणे स्पीड कमी आहे, प्लॅन वाढवा. चाळीसचा दोनशे एमबीपीएस केला, आवाज तसाच. आता कळलंय म्हणून सांगतो, एका कॉलला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाही, अगदी जी.७११ कोडेक (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) असला तरी ऐंशी-नव्वदच्या आसपास, म्हणजे चार कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएस, म्हणजे पाचशे केबीपीएस, होत नाही. कॉलला स्पीड नाही लागत, पॅकेट, म्हणजे आवाजाच्या डेटाचा छोटा तुकडा, वेळेवर आणि न गळता पोचावं लागतं.

मग त्यांनी "व्हॉइस प्रायॉरिटी बॉक्स" गळ्यात मारला, साडेआठ हजार. काळा डबा, वर कंपनीचा चकचकीत स्टिकर. माझा भाचा सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे, तो एका रविवारी आला आणि त्याने नखाने तो स्टिकर सोलला, तर खाली साधा घरगुती वायफाय राउटर निघाला, मूळ कंपनीचं नाव, मॉडेल सगळं छापलेलं. जेल रोडला तोच डबा चौदाशेला मिळतो, मी स्वतः विचारून आलो. प्रायॉरिटी बिरायॉरिटीचं सेटिंग आत केलेलंच नव्हतं.

भाच्याने मग जे केलं ते नीट लिहितो, तुम्हालाही घरच्या घरी करता येईल. आधी वायफाय बंद, फोन सरळ लॅन केबलने. मग इंटरनेटवाल्याच्या राउटरमधे एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग असतं ते बंद केलं, बऱ्याच राउटरमधे ते आपोआप चालू असतं आणि त्यामुळे कधीकधी आवाज एकाच बाजूने जातो. तो त्रास आम्हालाही होता आणि तो थांबला, म्हणजे तेवढा दोष आमच्या बाजूचा होता, हे कबूल. पण तुटणं सुरूच. मग त्याने तीन खिडक्या उघडून तीन ठिकाणी सतत पिंग लावलं (पिंग म्हणजे छोटं पॅकेट पाठवून जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते बघणं), एक आमच्याच राउटरला, एक ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला, एक त्यांच्या सर्व्हरला. पहिली दोन स्वच्छ. तिसऱ्याला संध्याकाळी पॅकेट गळतायत, वेळ कधी अडीचशे मिलीसेकंद कधी सहाशे. आणि पहाटे, लाइन पूर्ण रिकामी असताना, तरीही अडीचशे! इंदूरहून मुंबई पंचवीस-तीसमधे व्हायला पाहिजे. म्हणजे सर्व्हर मुंबईत नव्हताच, कुठेतरी सातासमुद्रापार होता. एका दिशेचा उशीर दीडशे मिलीसेकंदाच्या आत असावा असं आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं) मोजमाप आहे, इथे नुसत्या जाण्यातच सव्वाशे उडाले, फोन आवाज जुळवायला थोडा वेळ धरून ठेवतो तो बफर वगैरे वेगळा.

वायरशार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर (लाइनवरून काय जातंय ते त्यात दिसतं) कॉल पकडला तर कोडेक जी.७२९ निघाला. ८ केबीपीएसचा दाबलेला आवाज. तो कोडेक वाईट नाही, कमी लाइनवर कामाचा आहे, पण पैसे एचडीचे घेतले होते ना.

हे सगळं सपोर्टवाल्याला पाठवलं, फोटोसकट. उत्तर आलं, कृपया स्पीडटेस्ट पाठवा.

खरी मेख पुढेच आहे. पुण्याचे पॅसेंजर म्हणायला लागले की तुमचा फोन उचललाच नाही, नंबर ओळखीचा नव्हता. भाच्याने आमच्या ऑफिसमधून स्वतःच्या मोबाइलवर फोन लावून बघितला, ०७३१ दिसायच्या जागी कुठला तरी मोबाइल नंबर, परत लावला तर तिसराच, ट्रूकॉलरवर दोन्ही स्पॅम. याचा अर्थ बहुतेक हाच की बाहेर जाणारे कॉल सिम बॉक्समधून जात होते, म्हणजे डब्यात ढीगभर सिम खोचून इंटरनेटचे कॉल लोकल मोबाइल कॉल करून सोडायचे, आवाज पुन्हा एकदा दाबला जातो तो वेगळाच. हे बेकायदेशीर आहे, पोलीस आणि दूरसंचार विभाग धाडी घालतात. तुमच्याही कॉलवर असे वेगवेगळे मोबाइल नंबर दिसत असतील तर रिचार्ज संपेपर्यंत थांबू नका, उद्या त्याच सिमवरून कोणी भलतं काही केलं तर चौकशीत तुमच्याही दारात येतील. आम्ही सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाच्या तक्रारीच्या सोयीत ते नंबर टाकले आणि दूरसंचार विभागाला लेखी दिलं.

सोडतो म्हटलं तर नंबर द्यायला तयार नाहीत. पोर्टिंग? लँडलाइन नंबरांना आपल्याकडे पोर्टिंगच नाही, ती सोय मोबाइल नंबरांची आहे. म्हणजे सेल्सवाला पहिल्या मिनिटापासून खोटं बोलत होता. वर तो नंबर आमच्या नावावर नव्हताच, कधी केवायसी झाली नाही, ओटीपी आला नाही. आमच्या सगळ्या गाड्यांच्या मागे, बोर्डावर, वहिनीने छापून घेतलेल्या कॅलेंडरवर तोच नंबर. पैशांचं दुःख कमी, याचं जास्त. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार केलीय, धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून अडवतील ही भीती आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठीच्या स्वरोजगाराला २०१९ च्या कायद्यात सूट आहे आणि वकील त्यावरच भांडतोय.

नवा घेताना आम्ही काय केलं ते सांगतो. दूरसंचार विभागाच्या वेबसाइटवर लायसन्सवाल्यांची यादी असते, व्हीएनओवाल्यांचीही (म्हणजे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरून सेवा देणारे), त्यात नाव बघितलं. नंबर आमच्या फर्मच्या केवायसीवर, कागद हातात आल्यावरच पैसे. ट्रायल मागितली ती आमच्याच इंटरनेटवर आणि संध्याकाळी सातला, दुपारी बाराला नाही, दुपारी सगळ्यांचेच फोन छान चालतात. पैसे महिन्याच्या महिन्याला, भले दोनशे जास्त जाऊ देत. तेच इंटरनेट, तेच फोन, आणि आवाज शेजारच्या खुर्चीतून आल्यासारखा.

आणि एक, तातडीचं. आमचा जुना ०७३१ वाला नंबर अजून चालू आहे आणि तिकडे कोणीतरी आमच्याच नावाने बुकिंग घेतंय, ॲडव्हान्स यूपीआयवर मागतात. आतापर्यंत दोन कुटुंबं तिकीट नसताना तीन इमलीला येऊन उभी राहिली, त्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. कुणाकडे आमचं जुनं कॅलेंडर असेल तर त्यावरच्या नंबरावर पैसे पाठवू नका, ऑफिसलाच या.