'मादा गाभिन है' आणि माझे ३३,२०० रुपये

एकूण ३३,२०० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, म्हणजे "एवढ्याशा माशापायी?" हे ज्याला विचारायचंय त्याने एकदाच विचारून घ्यावं. घरच्यांचं विचारून झालंय.

माझा चार फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात क्लाऊन माशांची जोडी आणि तीन डॅमसेल मासे. मी नवशिका नाही, हे मुद्दाम सांगतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर एक 'चेन्नईचा ब्रीडर' भेटला. पुढची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: डीपीला झकास टँक, "दोनच पेअर बाकी आहेत", आधी थोडे, मग अजून थोडे. सी-हॉर्सच्या (घोड्यासारख्या तोंडाचा तो समुद्री मासा) जोडीचे १४,५००, पॅकिंग-पार्सलचे १,२००, परवानगीच्या 'पेपर्स'चे ४,०००. टँक-ब्रेड आहेत, म्हणजे टँकमध्येच जन्मलेले, फ्रोझन म्हणजे गोठवलेलं खाणं खातात, क्लाऊनबरोबर मजेत राहतात, असं त्याचं म्हणणं.

आणि मग तो फोनवर म्हणाला, "सर, मादा गाभिन है, साढ़े तीन हज़ार एक्स्ट्रा लगेगा. बच्चे फ्री समझो."

अहो, सी-हॉर्समध्ये गाभण राहतो तो नर! मादी त्याच्या पोटाखालच्या पिशवीत अंडी सोडते आणि पिल्लांना जन्म तो देतो. हा छंद असलेल्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं, मला तर होतंच. वर त्याने फोटो पाठवला, त्यात शेपटीच्या वर टम्म फुगलेली पिशवी, म्हणजे सरळसरळ नर, आणि तिच्याकडे लाल बाण काढून लिहिलेलं 'मादा'. मी तो फोटो झूम करून बघितला. बघितला आणि ३,५०० पाठवले! मला वाटलं, तमिळ माणूस, हिंदी मोडकंतोडकं, बोलताना नर-मादीची गल्लत होत असेल. तुम्हालाही तेच वाटलं असतं. दुकानदारांच्या तोंडून याहून अचाट गोष्टी आपण रोज ऐकतो आणि सोडून देतो. पण ब्रीडर म्हणवणाऱ्याला ब्रीडिंगचा श्रीगणेशा येत नाही, हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

बसच्या पार्सलने डबा आला. दोन्ही सी-हॉर्स वाळलेले, पोटं आत गेलेली, अंगावरची कडी मोजता येतील अशी. सी-हॉर्सला जठर नसतं, त्याला दिवसातून अनेकदा थोडंथोडं खायला लागतं. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकलं तर एकाने हीटरच्या वायरला शेपटी गुंडाळून, एक डोळा फिरवून तुकडा नुसता न्याहाळला. तेवढ्यात क्लाऊनने तो पळवला. प्रत्येक वेळी हेच. डॅमसेल तर शेपटीला टोचायचे. पाण्यात प्रवाह करणारा वेव्हमेकर बंद करून बघितला, ड्रॉपरने थेट तोंडापाशी खाणं सोडून बघितलं. समुद्रातून धरून आणलेले असणार, फ्रोझन म्हणजे खाणं हे त्यांना ओळखूच येत नव्हतं. क्लाऊनबरोबर मजेत राहतात म्हणे! सी-हॉर्सचा टँक वेगळाच लागतो. प्रवाह मंद, पाणी साधारण २३-२४ अंश, आणि खाण्यावर झडप घालणारा एकही मासा नको. दोन्ही गेले. दोघांनाही पिशवी होती, म्हणजे जोडीसुद्धा खोटी, दोन्ही नर. आणि त्या 'गाभिन मादा'च्या पिशवीत पिल्लं नव्हती, हवा भरली होती. तो आजार आहे. आजाराचे ३,५००.

मी मेसेजवर झापल्यावर त्याने ब्लॉक केलं. मग 'वन अधिकाऱ्या'चा फोन. तुमच्या घरात संरक्षित प्राणी आहे, ३५,००० मध्ये सेटलमेंट करा, नाहीतर उद्या टीम येतेय. सोबत माझ्या टँकचा फोटो. घरात म्हातारे वडील, शेजारीपाजारी. मी १०,००० देऊन मोकळा झालो. नंतर लक्षात आलं, तो फोटो मीच त्या 'ब्रीडर'ला पाठवला होता.

यात मेख अशी की धमकीतला कायदा खरा आहे. सी-हॉर्स २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, ७ पर्यंत, दंड किमान २५,०००. 'टँक-ब्रेड' म्हटल्याने त्यातून सुटका नाही आणि कुणी पीडीएफ पाठवली म्हणून ती परवानगी होत नाही. दुकानात खुलेआम विकत असले तरी घेऊ नका. यांचा धंदा चालतो तो यावरच, कारण फसलेला माणूस तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मी तरी केली. चौकीत हवालदार साहेबांनी आधी फोटो सगळ्यांना दाखवला, हशा पिकला, मग म्हणाले, "मासे मेले म्हणून एफआयआर?" मी म्हटलं, साहेब, पैसे गेलेत, आणि सरकारी अधिकारी असल्याचं सांगून उकळलेत. तर म्हणे हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, प्राण्याचं आहे, वनखात्यात जा. वनखात्याच्या ऑफिसात बाईंनी शांतपणे विचारलं, "मेलेले मासे कुठे आहेत? आणि घेताना कुणाला विचारलं होतं?" म्हणजे मीच आरोपी! विकणाऱ्याचा नंबर, यूपीआय आयडी, स्क्रीनशॉट सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं, ती फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाला, बिल कुठंय? बेकायदा मालाचं बिल कोण देतो हो? चार टेबलं फिरलो आणि प्रत्येक टेबलाने शहाणपण मलाच शिकवलं.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी लाजेपायी उशीर केला आणि रक्कम तोवर पुढच्या खात्यात गेली होती. घराच्या टँकचा फोटो अनोळखी विक्रेत्याला पाठवू नका. खऱ्या अधिकाऱ्याचं काम लेखी नोटिशीने आणि पावतीने होतं, जीपेवर नाही.

त्याचा नंबर अजून चालू आहे. दुसऱ्या ग्रुपातल्या एकाने परवाच त्याचा स्टेटस दाखवला: तोच फोटो, तोच लाल बाण, जोडीचे आता १६,०००.