टिळकांचे अभंग घरच्या उपासनेत: काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे अभंग आम्ही गेल्या पावसाळ्यापासून घरच्या संध्याकाळच्या उपासनेत म्हणत आहोत. आता लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, दिवस लागले आहेत आणि एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे की, प्रार्थना आणि निःस्वार्थ दान ही एकच गोष्ट आहे हे मराठीत इतक्या सरळपणे मला दुसरीकडे कुठे भेटलेले नाही. कोल्हापुरात 1852 पासून मिशनचे काम असल्यामुळे आमच्याकडे गीतांची वाण कधीच नव्हती. तरीही घरी रोज म्हणायला काय घ्यावे, हा प्रश्न होताच. इंग्रजी चालींवर बसवलेली जुनी भाषांतरित गीते उपासनामंदिरात सगळी मंडळी उभी राहून म्हणते तेव्हा भरून येते. पण घरी चारच माणसे असली आणि पेटी वाजवणारे कोणी नसले, की त्या चालींत मराठी शब्द भलत्या ठिकाणी तुटतात.

अभंगाचे तसे होत नाही. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा असतो, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते आणि त्या आखूड चौथ्या चरणावर म्हणणाऱ्याला आपोआप थांबावे लागते. प्रार्थनेला हा थांबा फार मानवतो, कारण मागणे पुढे रेटण्याआधी क्षणभर गप्प बसणे भाग पडते. टिळक 1861 साली जन्मले आणि 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे संतांची वाणी त्यांच्या कानात आधीच मुरलेली होती, आणि ख्रिस्ताशी बोलताना त्यांनी ती टाकून दिली नाही. आमच्या घरातल्या वयस्कर आत्याबाई अक्षरओळख बेताचीच असूनही दोन-तीन आठवड्यांत बरेचसे अभंग पाठ म्हणू लागल्या, ते या रचनेमुळेच.

रोज म्हणता म्हणता ध्यानात आले की, या अभंगांत वस्तूंची मागणी जवळजवळ नाहीच. मागणे आहे ते सहवासाचे, आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःला देऊन टाकणे येते. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने दानाविषयी आणि प्रार्थनेविषयी लागोपाठ सांगितले आहे: दान असे करावे की उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, आणि प्रार्थना खोलीचे दार लावून करावी. हे दोन्ही भाग मी लहानपणापासून ऐकत आले, पण ते एकाच श्वासात सांगितले आहेत हे मला या अभंगांनी दाखवले. रविवारी दानार्पणाची मखमली थैली रांगेतून फिरते तेव्हा बंद मूठ आत जाते, उघडी होऊन बाहेर येते आणि कोणी किती टाकले हे शेजारच्यालाही समजत नाही. त्या वेळी यातला एखादा अभंग हलक्या आवाजात म्हटला, तर थैलीत पडणारे पैसे हीसुद्धा प्रार्थनाच वाटते. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्याच्या दिवशी, ऊस, गूळ, तांदूळ, नारळ यांचा लिलाव होतो आणि बोली नावानिशी लागते. तो आनंदाचा दिवस असतो आणि त्यात वावगे काही नाही, पण तिथे हे अभंग बसत नाहीत, तिथे उपकारस्तुतीची जोशपूर्ण गीतेच हवीत.

एक उणीव मात्र मला सतत जाणवली. सर्वस्व देण्याची गोष्ट करणाऱ्या या कवितेत, देऊन झाल्यावर घरात काय उरते, हे फारसे येत नाही. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात येते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि त्या उदारपणाचा भार संसार चालवणाऱ्या बाईवर पडत असे, हे त्यांनी मनात अढी न ठेवता पण काहीही न लपवता लिहिले आहे. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे देणेही लहान नव्हते: टिळक 1919 साली गेल्यावर अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांनीच पूर्ण केले. म्हणून आम्ही शनिवारी अभंगांनंतर त्या पुस्तकातली दोन-चार पाने वाचतो. माझ्या मते कवीचे दान आणि त्याच्या घराने सोसलेले दान एकत्र वाचल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

काही अभंग संस्कृत शब्दांनी जड झाले आहेत आणि आमच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना ते समजावून सांगावे लागतात. असे अभंग रोजच्या उपासनेत न घेता सवडीने वाचावेत. माझ्याकडची छोटी प्रत बारीक टाइपातली आहे, दिव्याच्या उजेडात ती थोरांना वाचता येत नाही, म्हणून नेहमीचे अभंग मी मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून घेतले. आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाताना ती वहीच बरोबर नेते. तिथे दोनच कडवी, टाळाशिवाय आणि सावकाश म्हणावीत. आजारी माणूस बहुधा शेवटच्या चार अक्षरांना आपला आवाज मिळवतो, आणि त्यानंतर वेगळी लांब प्रार्थना करण्याची गरज राहत नाही.