विद्यापीठ खरं, सेंटर खोटं: हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनच्या प्रवेशाआधी वाचा

निकालाचे दिवस आले की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून एसटी स्टँडपर्यंत पत्रकं लागतात. 'एमबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट, सीईटी नाही, नोकरी करत डिग्री, शंभर टक्के प्लेसमेंट.' यातली काही प्रामाणिक असतात. जी नसतात, त्यांच्या जाळ्यात सहसा दवाखान्यात आधीच राबणाऱ्या मुलीच सापडतात. कोणी नर्सिंग करून वॉर्डात, कोणी बिलिंगला, कोणी रिसेप्शनला. बढतीसाठी कागद हवा असतो आणि रजा मिळत नाही. राधानगरी, गारगोटी, चंदगडकडून उसाचं बिल हातात घेऊन आलेल्या वडिलांना सांगितलं जातं, "मामा, पोरगी दोन वर्षांत दवाखान्याची मॅनेजर. बाकीचं आम्ही बघतो."

यात फसवणूक उघड खोट्या कागदांनी होतेच असं नाही. भिंतीवरचे बहुतेक कागद खरे असतात, पण ते दुसऱ्याच कशाबद्दल असतात. ट्रस्टची नोंदणी, उद्यम नोंदणी, आयएसओ ९००१चं प्रमाणपत्र, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, हे सगळं कोणत्याही संस्थेला मिळू शकतं. पदवी देण्याचा अधिकार यातल्या एकातूनही येत नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातल्या कलम २२ नुसार तो फक्त केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बाकी कोणी नावात 'विद्यापीठ' लावणंही कलम २३ ने मना आहे.

एवढी माहिती आता बऱ्याच पालकांना असते, म्हणून नवा डाव जास्त बेमालूम आहे. दाखवलं जातं ते परराज्यातलं खरंखुरं विद्यापीठ, यूजीसीच्या यादीत असलेलं. वडील मोबाइलवर नाव तपासतात, सापडतं आणि जीव भांड्यात पडतो. पण त्या विद्यापीठाचा कोल्हापुरातल्या या ऑफिसशी काही संबंध आहे का, हे त्या यादीत नसतं. यूजीसीच्या २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण नियमांत फ्रँचायझीने सेंटर चालवायला परवानगीच नाही. म्हणून विद्यापीठाचं नाव तपासून थांबू नका. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे 'डेब'च्या संकेतस्थळावर तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: विद्यापीठ, नेमका अभ्यासक्रम आणि चालू सत्र. एमबीएला मान्यता असून हॉस्पिटलशी संबंधित अभ्यासक्रम यादीत नसणं किंवा मान्यता मागच्या वर्षीच संपलेली असणं, इथेच घोळ होतो.

२०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो एबीसी आयडीशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याशी जोडलेला असतो. सेंटरवाला म्हणतो, "ओटीपी सांगा, आम्ही काढतो," आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो. मग विद्यापीठाचा एकही संदेश मुलीपर्यंत पोचत नाही. आयडी घरी बसून, आपल्याच नंबरावर काढा. 'डेब आयडी लागत नाही' असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा.

नियमित अभ्यासक्रमाचं गणित वेगळं. कोल्हापूर, सांगली, सातारा हे शिवाजी विद्यापीठाचं क्षेत्र. तिथल्या संलग्न कॉलेजात नियमित एमबीए करायचा तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आणि प्रवेश परीक्षा, दोन्ही लागतात. २०२४-२५ पासून बीबीएलाही एआयसीटीईची मान्यता लागते. 'सीईटीशिवाय रेग्युलर एमबीए' म्हणून विकलं जाणारं बहुतेक वेळा दूरस्थ असतं किंवा नुसतं खासगी प्रमाणपत्र. 'एका वर्षात पदवी, मागच्या तारखेची मार्कशीट' हा तर सरळ गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त घरं पोळतात ती कर्जाने. 'फी हप्त्याने भरा' म्हणून टॅबवर फॉर्म भरून घेतात. आधारचा ओटीपी, एक सेल्फी, बँक खात्याची संमती. मुलीला वाटतं प्रवेशाचा फॉर्म झाला, प्रत्यक्षात तिच्या नावावर वित्त कंपनीचं कर्ज झालेलं असतं. पूर्ण रक्कम त्याच दिवशी सेंटरच्या खात्यात जाते. वर्ग बंद पडले तरी हप्ता थांबत नाही, कारण करार तिचा आणि वित्त कंपनीचा असतो. हप्ता चुकवला की सिबिल खराब, म्हणजे पुढे खरं शैक्षणिक कर्जही अवघड. कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात व्याजाचा खरा वार्षिक दर आणि माघार घेण्याची मुदत छापलेली असते. डिजिटल कर्जात ही मुदत किमान १ दिवस असते आणि त्या काळात मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणून कागद त्याच रात्री घरी वाचा.

फी फक्त विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात, विद्यापीठाच्या पोर्टलवरून भरा. सेंटरच्या क्यूआर कोडवर नको, रोख तर अजिबात नको. मूळ मार्कशीट आणि दाखला तपासून लगेच परत मिळालाच पाहिजे, ठेवून घेण्यास यूजीसीची मनाई आहे. प्रवेश रद्द केल्यास फी परत देण्याचे यूजीसीचे नियम मान्यताप्राप्त संस्थेला लागू होतात. सेंटर स्वतः संस्थाच नसल्याने पावतीवर बिनदिक्कत 'परतावा नाही' छापतं.

प्लेसमेंटच्या गप्पांत एक ठरलेलं आमिष असतं, 'सरकारी दवाखान्यात अधीक्षक म्हणून लावतो'. जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक ही पदं डॉक्टरांची. या शिक्षणाने कामं मिळतात ती वैद्यकीय नोंदी, बिलिंग, टीपीए डेस्क (विम्याच्या दाव्यांचं काम), भांडार, एनएबीएचची (दवाखान्याच्या दर्जाच्या मानांकनाची) कागदपत्रं या विभागांत, आणि ती चांगली कामं आहेत. म्हणून सेंटरला विचारा, इंटर्नशिप कोणत्या दवाखान्यात, कोणत्या विभागात, किती आठवडे? उत्तर मिळालं की त्या दवाखान्याच्या एचआरला स्वतः फोन करा. नुसतं पत्र देऊन पाठवलेल्या मुलीला मुलाखतीत जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशवीत काय जातं हेही सांगता येत नाही.

पैसे गेलेच असतील तर सेंटरवर जाऊन भांडू नका, बोर्ड एका रात्रीत उतरतो. आधी पत्रक, पावत्या, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, पैसे पाठवल्याचे क्रमांक जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल करून तुमचा नोंदणी क्रमांक त्यांच्या दप्तरी आहे का, हे लेखी विचारा. ते उत्तर हाच सगळ्यात भक्कम पुरावा. मग ज्या भागात ऑफिस आहे तिथल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत आहे. कर्जाबद्दल आधी वित्त कंपनीला लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि हातात आलेली पदवी खोटी निघाली, तर ती नोकरीच्या अर्जाला जोडू नका. बनावट कागद जाणूनबुजून खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा आहे. एचआरने तो पडताळणीला पाठवला, तर आजवर फसवली गेलेली मुलगीच आरोपी ठरू शकते.